वरची शीट वर

चिठ्ठीत मी "खाणीकडची शीट वर घ्या" असं स्वच्छ लिहिलं होतं, हे मी त्या चार दिवसांत चाळीस वेळा तरी सांगितलं असेल. भोंग्याला सांगितलं, जावयाला सांगितलं, मोठ्या साहेबांना सांगितलं. आमच्या ह्यांना तर जेवताना, झोपताना आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहूनसुद्धा सांगितलं. "चिठ्ठी दाखव," एवढंच सगळे म्हणत. चिठ्ठी काही सापडत नव्हती. चिठ्ठीला पाय फुटले होते आणि खोटी मी ठरत होते.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझा संताप कुठून येतो ते कळेल. सव्वीस वर्षं मी शिवणकाम केलं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, खाणीतल्या लोकांचे कोट. मग तयार कपड्यांची दुकानं निघाली आणि माझं मशीन धूळ खात पडलं. त्याच सुमारास खाणीने पाण्याच्या चरांना प्लास्टिकचं अस्तर लावायचं काम काढलं आणि त्यांना शिवणी तपासायला कोणीतरी चिकट माणूस हवं होतं. चिकटपणात माझा हात धरणारं कोणी नाही. पहिल्याच दिवशी मी सतरा शिवणींतल्या चार नापास केल्या. तेव्हापासून तिथली माणसं मला समोर मावशी म्हणतात आणि पाठीमागे उसवणबाई. म्हणू देत.

खाणीच्या खड्ड्यात जे पाणी साठतं ते दिसायला बिनदुधाच्या चहासारखं असतं. दगडातलं गंधक, लोखंड, जस्त आणि आणखी कसले कसले धातू त्यात उतरलेले असतात. आमचे हे खाणीत पंपावर होते. त्यांनी एकदा त्या पाण्याच्या बाटलीत खिळा टाकून ठेवला, महिन्याभराने बाहेर काढला तर त्याची टाचणी झाली होती. हे पाणी उपसून खालच्या तळ्यात न्यायचं, तिथे चुना घालून साफ करायचं, आणि खड्ड्यापासून तळ्यापर्यंत दोनशे दहा मीटरचा हा चर. चराच्या पलीकडे उतारावर आमची गल्ली. बावीस घरं आणि एक विहीर.

आमचे हे रोज सकाळी त्या विहिरीचा पहिला पेला पितात आणि कोणीतरी विचारलंय अशा थाटात जाहीर करतात, "आज गोड आहे." एकतीस वर्षं मी हे ऐकतेय. रोज गोडच असतं. मला त्याचा वीट आलाय. पण एखाद्या सकाळी ते पेला तोंडाला लावून गप्प राहिले तर, या विचाराने मी रोज हातातलं काम थांबवून ऐकते.

काम तसं कपडे शिवण्यासारखंच. चर खणायचा, टोकदार दगड वेचून काढायचे, त्यावर पांढरं जाड कापड अंथरायचं आणि कापडावर काळी प्लास्टिकची शीट. एकेक पट्टा सात मीटर रुंद, म्हणजे पूर्ण चराला एकतीस पट्टे आणि तीस शिवणी. दोन पट्टे एकमेकांवर वीतभर चढवायचे आणि मधून तापलेलं यंत्र चालवायचं. ते इतकं सावकाश सरकतं की आमच्याकडे त्याला कासव म्हणतात. कासव एका वेळी दोन समांतर टिपा घालतं आणि दोन टिपांच्या मध्ये बारीक पोकळी ठेवतं. त्या पोकळीत सुई खुपसून हवा भरायची आणि पाच मिनिटं काटा बघत बसायचं. काटा हलला नाही तर शिवण पास. शिवणीच्या पुढे वर आलेल्या पट्ट्याची जी मोकळी कड उरते, तिला आम्ही ओठ म्हणतो.

सगळं रामायण या ओठाचं आहे. ओठ पाण्याच्या वाहत्या दिशेकडे हवा. म्हणजे खाणीकडची शीट वर आणि तळ्याकडची तिच्या खाली, घरावर कौलं रचतात तसं. मग पाणी ओठावरून घसरून निघून जातं. उलटं केलं तर ओठ पाण्याकडे तोंड करून उघडा राहतो. वाहत आलेली वाळू आणि खडी त्यात अडकते, रोज थोडी थोडी आत शिरते, ओठ उचलते आणि एक दिवस शिवण उसवते. हवेच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही. पहिल्या दिवशी उलटी शिवणही पास आणि सुलटीही पास.

माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी नऊ दिवस कामावर नव्हते. आदल्या दिवशी दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून तपासणी केली होती. सगळं जग धुरकट दिसत असताना मी तशीच चरावर आले आणि सामानाच्या कंटेनरच्या भिंतीवर भोंग्यासाठी चिठ्ठी डकवून मगच घरी गेले. दुसरी कोणी असती तर सरळ जाऊन झोपली असती. ही माझी निष्ठा, आणि तिचं फळ काय मिळालं ते पुढे ऐका.

भोंगा म्हणजे आमचा मुकादम. तो चराच्या वरच्या टोकाला शिंकला तर तळ्याकाठचा पहारेकरी दचकून उठतो, असा त्याचा आवाज. बुधवारी मी नवा डोळा घेऊन चरावर गेले, तेव्हा वरच्या टोकाच्या अकरा शिवणींचे ओठ खाणीकडे आ वासून बसले होते. मला आधी वाटलं डोळ्यातच काहीतरी बिघडलंय. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. ओठ तसेच.

"भोंग्या, हे काय आहे?"

"काय, मावशी?"

"वरची शीट कुठे पाहिजे?"

"वर."

"आणि कुठे आहे?"

"वर," भोंगा म्हणाला. वाकून त्याने बोटाने दाखवलंसुद्धा. "ही बघा वरची, आणि ही तिच्या खालची. वरची शीट खाली कशी असेल, मावशी? खाली असती तर ती खालची झाली असती."

मी कपाळाला हात लावला. "अरे, खाणीकडची वर! खाणीकडची! चिठ्ठीत लिहिलं होतं मी."

"चिठ्ठीत वरची होतं."

"दाखव चिठ्ठी."

"नाहीये. वाऱ्याने गेली असेल."

वारा! त्या भिंतीवरचं चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर वाऱ्याने जात नाही, माझी चिठ्ठी तेवढी गेली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रस्ता चराच्या वरच्या टोकाला. कोणी पाहुणे येणार होते आणि त्यांना उतरल्या उतरल्या काहीतरी काळं चकचकीत दिसायला हवं होतं, म्हणून वरून हुकूम आला, की वरून सुरुवात करा. आम्ही नेहमी तळ्याकडून खाणीकडे येतो. तसं आलं की प्रत्येक नवा पट्टा आधीच्यावर पडतो आणि ओठ आपोआप सुलटे राहतात. वरून खाली जाताना नवा पट्टा मुद्दाम आधीच्याच्या खाली सरकवावा लागतो. तो यांनी सरकवला नाही. पाहुणे आले, काळं चकचकीत बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि गेले.

"पण बाराव्या शिवणीपासून पुढच्या सगळ्या बरोबर आहेत," मी म्हणाले. "ते कसं काय?"

"ते साहेब आले ना. बघितलं आणि म्हणाले, आता तळ्याकडून वर या."

"कुठले साहेब?"

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "तुमचे जावई."

सासू आणि जावई एकाच कामावर असणं ही कुठल्या गुन्ह्याची शिक्षा आहे मला माहीत नाही. तो या चराचा इंजिनियर. आधी इंजिनियर म्हणूनच आला होता आणि तेव्हा मी त्याला दिवसातून दहा वेळा झापत असे. मग माझ्या लेकीने त्याच्याशी लग्न केलं आणि माझी जीभ बांधली गेली. एकदा तोंडातून "अहो जावईबापू" निघालं की पुढचं वाक्य आपोआप गुळमट होतं. मनात ज्वालामुखी असला तरी बाहेर कोमट पाणीच पडतं.

"अहो जावईबापू," मी त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "वरच्या अकरा शिवणी उलट्या आहेत."

"आई, बसा ना. डोळा कसा आहे?"

"डोळा उत्तम आहे. म्हणून तर दिसलं."

तो कागद चाळायला लागला. "हवेची चाचणी सगळ्या शिवणींची पास आहे, आई."

"हवेची! सोमवारी दहा वाजता तुम्ही चरातून हवा सोडणार आहात का?"

सोमवारी दहाला खड्ड्याचे पंप सुरू व्हायचे होते. तसा फलकच लावला होता वर.

"परत करायचं म्हणजे बारा दिवस जातील," तो म्हणाला. "आणि लेखी कारण द्यावं लागेल."

"मग द्या."

"कारण काय लिहू?"

"मुकादमाने चिठ्ठी नीट वाचली नाही, असं लिहा."

यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं माझ्या नाकाला काजळी लागली आहे. मी पदराने नाक पुसलंसुद्धा. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही त्रास करून घेऊ नका, आई. आत्ताच ऑपरेशन झालंय. या वेळी रजिस्टरवर सही मी करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला दिसलं होतं, त्याला कळलं होतं, त्याने पुढच्या शिवणी सुधारून घेतल्या होत्या आणि मागच्या अकरांवर हा पांघरूण घालत होता. कोणासाठी? भोंग्यासाठी की स्वतःच्या बढतीसाठी? आणि मी काय म्हणाले? "बरं, बघा बाई तुम्हाला कसं जमतं ते." असं म्हणून बाहेर आले आणि रेतीच्या एका पोत्याला लाथ मारली. पोत्याला काही झालं नाही.

गुरुवारी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकलं, म्हणजे मी बोलत असताना ते चष्मा पुसत होते, आणि मग तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"बाई, यात हवेचा रकाना आहे. दिशेचा रकाना कुठे आहे?"

"रकाना नाही म्हणून दिशाच नाही का?"

"तसं नाही. पण मी लिहू कुठे?"

रकाना नसलेल्या गोष्टी या जगात घडतच नाहीत असं मानणाऱ्या माणसासमोर तुम्ही डोकं आपटलंत, तरी तो आधी डोक्याचा रकाना शोधेल.

शुक्रवारी मी स्वतःच प्रयोग केला. दोन बादल्या पाण्यात दोन मुठी बारीक खडी घातली आणि तिसऱ्या शिवणीच्या वर ओतली. सात खडे ओठात जाऊन बसले. मी भोंग्याला हाक मारली. भोंगा आला, बघितलं आणि एकेक खडा बोटाने उपसून काढला.

"निघाले की," तो म्हणाला.

"आणि पंप सुरू झाल्यावर बोट घालायला तू बसणार आहेस का इथे, रोज?"

"पगार देत असतील तर बसेन."

मी बादली तिथेच टाकली आणि घरी आले. घरी त्या खोक्याला ठेच लागली. हे खोक्याचं प्रकरण सांगायचं राहिलं. आदल्या रविवारी जावई घरी आला तो हे भलंमोठं खोकं घेऊन. आत पाणी शुद्ध करायचं यंत्र. "आई, तुमच्यासाठी. भिंतीवर बसवून टाकू." मी म्हटलं कशाला, आमची विहीर चांगली आहे. "तरीपण," तो म्हणाला, "आता तुमचं दोघांचं वय झालं." वय झालं! आमच्या ह्यांना तर असा राग आला, की ते उठून विहिरीवर गेले आणि दोन पेले जास्त पिऊन आले. खोकं न उघडता मी शिवणाच्या मशीनखाली सरकवून दिलं होतं आणि येता-जाता माझा अंगठा त्यावर आपटत होता.

संध्याकाळी लेक आली. हातात नवऱ्याचा कोट.

"आई, ह्याचं आतलं अस्तर उसवलंय. खिशात ठेवलेलं सगळं खाली घसरतं. देतेस शिवून?"

"ठेव तिथे."

ती खुर्चीवर बसली. "तू त्यांना काही बोललीस का गं? आठवडा झाला, धड जेवत नाहीत. विचारलं की म्हणतात, काही नाही."

"मी? मी तर जीभ चावून चावून तिचा चोथा केलाय. तुझ्या नवऱ्याला मी आजवर एक शब्द बोलले आहे का?"

"तेच तर," लेक म्हणाली. "ते पण तुला बोलत नाहीत. तुमच्या दोघांच्या मानापानात माझा मात्र जीव जातो."

शनिवारी सकाळी मी कोट मशीनवर घेतला. अस्तर उसवलेलं होतंच, ते मी आणखी थोडं उसवलं आणि हात घालून तळाशी साठलेलं सगळं बाहेर काढलं. पेन्सिलीचा तुकडा, दोन गोळ्यांचे कागद, एक वॉशर आणि घडी घातलेला जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. एका बाजूला डोळ्यांत घालायच्या थेंबांचं नाव छापलेलं. मी तो उलटा केला.

"भोंग्या, वरची शीट वर. बाकी नेहमीसारखं. मावशी."

अक्षर माझंच. ओळी उतारावरून घरंगळल्यासारख्या तिरक्या, म्हणजे थेंब घातलेल्या डोळ्यांनीच लिहिलेलं. वरची. खाणीकडची नाही. वरची.

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. नव्या डोळ्याने ते इतकं स्पष्ट दिसत होतं, की त्या डॉक्टरचा राग आला. आधी मला वाटलं कोणीतरी माझं अक्षर काढलंय. मग आठवलं. मला काही दिसत नव्हतं, म्हणून जितकं कमी लिहिता येईल तितकं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात वरची म्हणजे खाणीकडची. भोंग्याच्या हातात वरची म्हणजे जी वर पडते ती. तो बिचारा अक्षरशः मी लिहिलं तसं वागला होता आणि मी चार दिवस त्याचा उद्धार करत होते.

मला लाज वाटली. अशी लाज, की मी उठून खिडकी लावून घेतली. हातात सुईदोरा होता, समोर उसवलेलं अस्तर होतं, घरात कोणी नव्हतं. पुठ्ठा परत आत टाकून दहा मिनिटांत टीप मारली असती, तर तो त्या कोटाबरोबर कायमचा गेला असता. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला स्थिरावून बसला, हे मी लपवणार नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठी वाऱ्याने गेली नव्हती, जावयाने भिंतीवरून काढून खिशात घातली होती. पांघरूण भोंग्यावर नव्हतं आणि बढतीवरही नव्हतं. ते माझ्यावर होतं. "कारण काय लिहू?" असं त्याने मला विचारलं होतं, आणि मी पदराने नाक पुसत बसले होते.

पाय लांब केला तो पुन्हा खोक्यावर आपटला. मी खाली बघितलं. आणि ते खोकं घरात का आलं, तेही मला कळलं.

आमचे हे विहिरीवरून परत येत होते. त्यांना म्हटलं, "सायकल काढा. हे खोकं परत करायचंय."

"बरं झालं," हे म्हणाले. दुसरं काही विचारलं नाही. विचारायचं नाही तेव्हा न विचारणं हा त्यांचा एक गुण आहे, आणि हिशोबाला तेवढाच आहे.

सायकलच्या मागच्या बाजूला खोकं बांधून आम्ही चढ चढलो. हे बाहेर थांबले. मी आत जाऊन खोकं जावयाच्या टेबलावर, त्याच्या सगळ्या कागदांवर ठेवलं, आणि खोक्यावर पुठ्ठा ठेवला.

तो उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"हे माझं अक्षर आहे," मी म्हणाले.

"हो, आई."

"तुला कधी सापडलं?"

मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच तू म्हणाले. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही ते जाऊ दिलं.

"पाचव्या दिवशी. मी दुसऱ्या खड्ड्यावर होतो ना, परत आलो तर अकरा झाल्या होत्या. भोंग्याला विचारलं तर त्याने भिंतीकडे बोट दाखवलं."

"आणि तू मूग गिळून बसलास."

"तुम्हाला काढून टाकलं असतं! डोळ्यांत थेंब असताना कामावर आलात, सूचना लिहिलीत, हे कळलं असतं तर कोणी ऐकून घेतलं असतं का? आणि सासूच्या चुकीचा कागद मी माझ्या हाताने पुढे करू? घरी जाऊन काय सांगू हिला?"

"म्हणून सही करणार होतास."

"शिवणी काही लगेच उसवत नाहीत, आई. दोन-तीन वर्षं जातात. मध्ये कधीतरी दुरुस्ती निघाली असती, मी काढली असती..."

"आणि नसती निघाली तर?"

त्याची नजर खोक्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"हे आमच्यासाठी आणलंस ना?"

"हो."

"गल्लीत बावीस घरं आहेत," मी म्हणाले. "आणखी एकवीस आण."

तो खुर्चीत बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाहेर आमचे हे सायकलची घंटी उगाच वाजवत होते. मला त्या क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं आणि कानाखाली वाजवावीशीही वाटत होती, आणि मी यातलं काहीच न करता उभी राहिले, कारण मला दोन्हीची सवय नव्हती.

थोड्या वेळाने त्याने रजिस्टर ओढलं. अकरा शिवणींच्या पुढे एकेक करून "नापास" लिहिलं. दिशेचा रकाना नव्हता, म्हणून समासात उभी रेघ मारून त्याने तो तयार केला. मग माझ्याकडे बघितलं.

"कारण काय लिहू?" त्याने परत विचारलं.

"दे इकडे."

मी लिहिलं: "चिठ्ठीत 'खाणीकडची' ऐवजी 'वरची' लिहिलं. लिहिणारी मी. मुकादमाची चूक नाही." खाली सही केली. त्याने ते वाचलं, पेन परत घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं: "चूक दिसली, नऊ दिवस कळवली नाही." आणि स्वतःची सही केली. मग मोठ्या साहेबांना फोन लावला. फोनवर तो "हो साहेब" सोडून काही बोलला नाही, पण ते त्याने सोळा वेळा म्हटलं. मी मोजलं.

सोमवारी दहाला पंप सुरू झाले नाहीत. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून तासभर सुनावलं. मला महिनाभर तपासणीवरून काढून रेतीची पोती भरायला बसवलं. बढतीच्या यादीतून त्याचं नाव गेलं. भोंग्याची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यावर तो इतक्या मोठ्याने "असू दे मावशी!" म्हणाला, की ज्यांना प्रकरण माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. एकेक उलटी शिवण कापली, मध्ये नवी पट्टी घातली, पट्टीचं वरचं टोक खाणीकडच्या शीटखाली सरकवलं आणि खालचं टोक तळ्याकडच्या शीटवर चढवलं. कासव बारा दिवस सरकत होतं. भोंगा आता प्रत्येक पट्ट्यावर खडूने बाण काढतो. म्हणतो, मावशीच्या शब्दापेक्षा बाण बरा.

पाणी सोडलं त्या दिवशी मी पोती टाकून खाली आले. तांबूस पाणी काळ्या शीटवरून झरझर उतरलं. ओठ गप्प मिटून पडले होते. चराच्या खालच्या टोकाला, शीटच्या पोटातून निघालेला एक छोटा पाइप आहे. शीटमधून काही गळलं तर ते तिथे थेंब थेंब दिसतं. जावई तिथे गुडघ्यांवर बसून आत बघत होता. मीही बसले.

"कोरडा आहे, आई."

"आज कोरडाच असणार. उद्या बघ. परवा बघ."

"रोज बघेन," तो म्हणाला.

आणि बघतो. कामाच्या दिवशी बघतो आणि रविवारी आमच्याकडे येतानासुद्धा वाट वाकडी करून बघून येतो. त्याच्या गुडघ्यांना लागलेल्या मातीवरून मला कळतं.

परवाच्या रविवारी आला तेव्हा हे नुकतेच विहिरीवरून आले होते. "आज गोड आहे," असं नेहमीसारखं न विचारता सांगून त्यांनी जावयाला पेला भरून दिला. त्याने तो एका दमात संपवला आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

"आई, अजून एक द्याल?"

पूर्वीची मी असते तर "अहो जावईबापू, देते ना" म्हणत धावले असते.

"ऊठ आणि स्वतः घे," मी म्हणाले. "आणि येताना माझ्यासाठीही आण."